कॅफेचं वायफाय दुसऱ्या कंपनीकडं नेताना: आधी राउटर आपला करा

लातूरच्या ट्युशन एरियातल्या आमच्या दुकानात नवीन फायबर जोडून लाइनमन निघाला, तेव्हा शनिवारचे साडेसहा वाजले होते. स्पीड टेस्ट झकास आली होती. दहाच मिनिटांत आतून पोरगा पळत आला, "ताई, किचनमधी ऑर्डरच येईना!" काउंटरवर बिल होत होतं, पण किचनच्या प्रिंटरवर केओटी, म्हणजे ऑर्डरची चिठ्ठी, उमटत नव्हती. कारण अगदी फुटकळ होतं. जुन्या कंपनीच्या राउटरनं दिलेले आयपी पत्ते (नेटवर्कवरच्या प्रत्येक मशीनचा नंबर) १९२.१६८.१ ने सुरू व्हायचे, नवीन कंपनीच्या डब्याचे १९२.१६८.१०० ने. किचनच्या प्रिंटरला दोन वर्षांपूर्वी कुणीतरी कायमचा पत्ता देऊन ठेवला होता, आणि तो बिचारा जुन्याच गल्लीत वाट बघत बसला. रात्री अकरापर्यंत पोरांनी ऑर्डरी तोंडी पोचवल्या. दोन कोल्ड कॉफीच्या जागी चार गेल्या आणि एक सँडविच कुणाचं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

संभाजीनगर, जालना, लातूर आणि नांदेड मिळून पाच दुकानांचं कामकाज मी बघते. त्या शनिवारनंतर बाकीच्या चारांपैकी तीन दुकानांची लाइन बदलली आणि एकाही गिऱ्हाइकाला ते कळलं नाही. फरक एकाच गोष्टीचा होता: दुकानाच्या आतलं नेटवर्क आम्ही आमच्या ताब्यात घेतलं आणि कंपनीकडं फक्त बाहेरून येणारी वायर ठेवली. पुढं जे लिहिलंय ते दोन ते दहा दुकानं असणाऱ्यांना धरून आहे. एकच दुकान असेल तर निम्मं काम वाचेल.

मोठ्यांचं काय झालं

स्टारबक्सनं अमेरिकेत हा उद्योग दोनदा केला. फेब्रुवारी २००८ मध्ये त्यांनी दुकानांतलं वायफाय टी-मोबाइलकडून काढून एटी अँड टीला द्यायचं जाहीर केलं. त्याच वर्षी जूनमध्ये टी-मोबाइल कोर्टात गेली. तक्रार अशी की, बदल पुरा व्हायच्या आधीच नव्या कंपनीची फुकट वायफायची योजना सुरू झाली आणि तिचा भार जुन्या यंत्रणेवर पडला. पुढं १ जुलै २०१० पासून त्यांचं वायफाय सगळ्यांनाच मोफत झालं. २०१३ साली एटी अँड टी जाऊन गूगल आलं. सात हजारांवर दुकानं, आणि मुदत धरली होती १८ महिन्यांची. तोवर फोनमध्ये दिसणारं नेटवर्कचं नाव चक्क 'एटीटीवायफाय' होतं. ते बदलून 'गूगल स्टारबक्स' करावं लागलं, म्हणजे नेहमीच्या गिऱ्हाइकानं पुन्हा नवं नाव शोधून जोडायचं.

आपल्या कामाच्या त्यातून दोन गोष्टी निघतात. जुनी आणि नवी लाइन किती दिवस एकत्र चालणार, हे आधी कागदावर हवं. आणि नेटवर्कला नाव दुकानाचं द्यायचं, कंपनीचं नाही. लाइनमन डब्यावर छापलेलं कंपनीचं नाव तसंच ठेवून जातो. ते पहिल्याच दिवशी बदला.

दोष खरंच कंपनीचा आहे का?

ही पायरी लोक गाळतात आणि मग नव्या कंपनीलाही तेच रडगाणं ऐकवतात. संध्याकाळी सातच्या गर्दीत लॅपटॉपला लॅनची वायर लावून थेट कंपनीच्या डब्याला जोडा आणि स्पीड बघा. वायरवर पूर्ण स्पीड येत असेल आणि कोपऱ्यातल्या टेबलावर फोन रडत असेल, तर दोष आपल्या वायफायचा आहे. कंपनी बदलून काही होणार नाही.

आमच्या संभाजीनगरच्या एका दुकानात हेच निघालं. जुन्या इमारतीच्या काळ्या दगडाच्या दीड हात जाड भिंती, आणि राउटर मालकाच्या केबिनमध्ये, फ्रीजच्या मागं. त्यात तो २.४ गिगाहर्ट्झवर चालायचा, आणि शेजारी मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात गडबड करतो. शेजारच्या दुकानदारांचे राउटर वेगळेच. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच आहेत: १, ६ आणि ११. आम्ही बसायच्या जागेच्या मधोमध छताला एक ॲक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारा डबा) लावला, गिऱ्हाइकांना ५ गिगाहर्ट्झवर ढकललं आणि तक्रारी थांबल्या. तिथली कंपनी आजही तीच आहे.

आणखी एक गोष्ट फार कमी लोक तपासतात. 'वायफाय कनेक्ट होतंय पण नेट नाही' अशी ओरड संध्याकाळीच येत असेल, तर पत्ते संपलेत का ते बघा. साध्या राउटरकडं वाटायला अडीचशेच्या आसपास पत्ते असतात आणि तो एक पत्ता एका फोनसाठी बऱ्याचदा २४ तास अडवून ठेवतो. दिवसभरात तीनशे पोरं येऊन गेली की सातनंतरच्यांना पत्ता मिळत नाही. 'डीएचसीपी लीज टाइम' तासाभरावर आणा. पैसा लागत नाही.

वायरवरही स्पीड नसेल तर लाइनमनला त्याच्या मीटरवर फायबरमधून प्रकाश किती येतोय ते मोजायला लावा. उणे २० डीबीएमच्या आसपास चांगलं. उणे २५ च्या खाली गेलं की काठावर, आणि उणे २७ च्या पलीकडं लाइन अधूनमधून तुटणारच. बऱ्याचदा हे नुसतं कनेक्टर पुसून किंवा खांबावरचा जोड नव्यानं करून सुटतं.

राउटर आपला

एवढं करूनही कंपनी बदलायचीच असं ठरलं, तर नव्या कंपनीला फोन लावायच्या आधी दुकानात स्वतःचा राउटर बसवा. जुनी लाइन चालू असतानाच. सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो इथं.

आधी कागद घेऊन दुकानात फिरा आणि नेटवर काय काय लटकलंय ते लिहा. आम्हाला वाटलं होतं पाच-सहा वस्तू असतील, निघाल्या अकरा: बिलिंगचा कॉम्प्युटर, किचनचा आणि काउंटरचा प्रिंटर, घरपोच ऑर्डरींचे दोन टॅब, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, हजेरीचं बोटाचं मशीन, गाण्यांचा जुना फोन, मेनू दाखवणारा टीव्ही, कार्ड मशीन, आणि मालकाच्या घरून लावलेला एक कॅमेरा, ज्याची कुणालाच आठवण नव्हती. यूपीआयच्या साउंडबॉक्समध्ये बहुधा स्वतःचं सिम असतं, तरी उलटवून खात्री करा.

प्रत्येक वस्तूसमोर लिहा: वायरनं की वायफायनं, पत्ता कायमचा की आपोआप मिळणारा. मग राउटर असा घ्या ज्याला बाहेरच्या दोन लाइनी जोडता येतात. त्यात आतले पत्ते जुन्या डब्याचेच ठेवा, म्हणजे प्रिंटरला हात लावावा लागत नाही. आतल्या वस्तूंच्या वायफायचं नाव आणि पासवर्डही जुनेच. टॅब, टीव्ही, हजेरीचं मशीन आपोआप येऊन चिकटतात. कंपनीच्या डब्यातलं वायफाय मात्र बंद करायला विसरू नका, नाहीतर एकाच नावाची दोन नेटवर्क होतात आणि अर्ध्या वस्तू चुकीच्या घरी जातात.

गिऱ्हाइकांसाठी वेगळं नेटवर्क काढा. तिथून बिलिंगचा कॉम्प्युटर दिसता कामा नये, आणि एका गिऱ्हाइकाच्या फोनला दुसऱ्याचा फोनही दिसता कामा नये. त्यासाठी 'गेस्ट' आणि 'आयसोलेशन' अशी बटणं असतात. प्रत्येक फोनला पाच एमबीपीएसची मर्यादा घाला. एचडी व्हिडिओला तेवढं पुरतं. चाळीस खुर्च्यांचं दुकान असं १०० एमबीपीएसवर आरामात चालतं, कारण सगळे एकाच क्षणी ओढत नाहीत. लातूरला आम्ही २०० घेतलं. तिथली पोरं एका कॉफीवर तीन तास भौतिकशास्त्राचे व्हिडिओ बघतात. त्यांना उठवा असं मालक कधीमधी म्हणतात. मी नाही उठवत, चौथ्या तासाला ती मॅगी मागवतातच.

कंपनीला तिचा डबा 'ब्रिज मोड'वर टाकून लॉगिनचं नाव-पासवर्ड द्यायला सांगा, म्हणजे लाइन थेट आपल्या राउटरवर उतरते. काही कंपन्या नाही म्हणतात. हरकत नाही, त्यांच्या डब्याचे पत्ते आपल्या आतल्या पत्त्यांपेक्षा वेगळे ठेवून त्यामागं आपला राउटर जोडला तरी कॅफेचं काम अडत नाही. डीव्हीआर बाहेरून बघायला कुणी जुन्या पद्धतीनं पोर्ट उघडून ठेवला असेल तर तेवढं बंद पडेल. डीव्हीआरच्या कंपनीचं मोबाइल ॲप वापरत असाल तर बहुतेक वेळा त्यावर चालतं. नाहीतर स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा बाहेरचा पत्ता, मागावा लागतो, आणि त्याचे पैसे वेगळे.

नवीन कंपनी निवडताना

पाचही दुकानांना एकच कंपनी, एकच बिल, हा मोह मलाही झाला होता. मराठवाड्यात तो सहसा परवडत नाही. जालन्यात जी कंपनी चोख चालते, तिची नांदेडची लाइन एखादा केबलवाला चालवत असतो आणि सगळं त्याच्या दोन लाइनमनवर अवलंबून. गावागणिक निवडा. जाहिरातीपेक्षा शेजारच्या मेडिकलवाल्याला विचारा, कारण त्याचं बिलिंगही दिवसभर नेटवर असतं.

आणि लाइनमनला चहा पाजून विचारायचा पहिला प्रश्न: लाइट गेल्यावर तुमचं काय होतं? आपल्या दुकानात इन्व्हर्टर असतो, तरी नेट जातं. जीपॉन नावाच्या फायबर पद्धतीच्या लाइनीत मधल्या खांबांवरच्या पेट्यांना विजेची गरजच नसते, फक्त मुख्य ठिकाणी बॅटरी हवी. स्वस्तातल्या जोडणीत मात्र खांबावर किंवा कुणाच्या तरी गच्चीवर विजेवर चालणारा स्विच असतो. त्या गल्लीची लाइट गेली की तुमचं नेट गेलं. नांदेडच्या लाइनमननं प्रामाणिकपणे सांगितलं, "मॅडम, बॉक्समधी बॅटरी हाय, पण अर्धा घंटाच चालती." ते बरं. जो 'काहीच होत नाही' म्हणाला, त्याला आम्ही घेतलं नाही.

त्याच गच्चीवरच्या स्विचपासून दुकानापर्यंत तांब्याची लॅन वायर उघड्यावरून ओढत असतील तर साफ नाही म्हणा. मे महिन्यातल्या वळवाच्या पावसात विजा कडाडल्या की त्या वायरीवाटे झटका आत येतो आणि राउटरचे पोर्ट जळतात. फायबर काचेचं, त्यातून वीज येत नाही. आत येणारी वायर फायबरचीच हवी.

दुसरी लाइन जोडीला ठेवणार असाल तर तिची वाट वेगळी हवी. दोन्ही फायबर एकाच खांबावरून येत असतील तर एक जेसीबी दोन्ही तोडतो, आणि आपल्याकडं रस्ता खोदायला मुहूर्त लागत नाही. आम्ही दुसरी लाइन हवेतून येणारी, म्हणजे ५जीची घेतली, आणि राउटरला सांगितलं की पहिली मेली तरच दुसरीवर जा. दोन्ही लाइनी एकदम वापरायची सोय राउटरमध्ये असते, पण त्यात बँकेची साइट मधेच बाहेर काढते. तो खेळ नको.

पैशाचं गणित करताना जीएसटी विसरू नका. इंटरनेटवर १८ टक्के. दीड हजारांचा प्लॅन हातात पडेपर्यंत १,७७० होतो. आणि आपण गिऱ्हाइकाकडून ५ टक्के जीएसटी घेणारे असू, तर त्या २७० रुपयांचं क्रेडिट मिळत नाही, तो सरळ खर्च. घरगुती प्लॅन दुकानात लावून द्यायची तयारी काही एजंट दाखवतात. करारात व्यापारी वापराला मनाई असेल तर ऐन दिवाळीत लाइन कापली जाईल आणि भांडायला तोंड राहणार नाही. करारात लॉक-इन किती महिन्यांचं, डब्याचं डिपॉझिट परत कधी, जोडणी फी, आणि बिघाड झाल्यावर किती तासांत माणूस येणार, एवढं लेखी घ्या. तोंडी 'चार घंट्यांत' म्हणजे उद्या.

भिंतीवरचा पासवर्ड

पाटीवर पासवर्ड लिहून ठेवणं सोपं, पण नियमाला धरून नाही. दूरसंचार विभागाच्या २००९ सालच्या सूचनांप्रमाणे सार्वजनिक वायफाय वापरणाऱ्याची ओळख ठेवावी लागते: फोटो ओळखपत्राची प्रत, किंवा मोबाइलवर एसएमएसनं लॉगिन. ती नोंद वर्षभर जपायची. आपल्या नेटवरून कुणी उपद्व्याप केला तर पोलीस आधी आपल्याच दारात येणार, हे लक्षात ठेवा.

आधीच्या कंपनीकडून ओटीपीचं लॉगिन पान घेतलं असेल तर लाइन बदलताना तेही जातं. म्हणून लॉगिनची सेवा लाइनपासून वेगळी घ्या. ओटीपीचे एसएमएस पाठवायला प्रेषकाचं नाव आणि मजकूर डीएलटीवर, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी यंत्रणेवर, नोंदवलेला लागतो. सेवा देणाऱ्याकडं तो तयार आहे का ते आधी विचारा, नाहीतर नोंदणीतच दिवस जातील. तळघरात दुकान असेल तर ओटीपी यायला मोबाइलची रेंज लागते हेही बघा. आमच्या जालन्याच्या दुकानात गिऱ्हाईक जिना चढून ओटीपी घेऊन परत यायचं. शेवटी आम्ही लॉगिन एकदा केलं की महिनाभर विचारायचं नाही असं ठरवलं. नंबर गोळा करून त्यावर ऑफरचे मेसेज मारायचा मोह टाळा. त्यासाठी गिऱ्हाइकाची वेगळी संमती लागते.

पीएम-वाणी हाही एक रस्ता आहे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं या योजनेला मंजुरी दिली. त्यात दुकानदाराला 'पब्लिक डेटा ऑफिस' म्हणून वायफाय विकता येतं. त्यासाठी परवाना लागत नाही. लॉगिन आणि हिशोब मधली कंपनी बघते. बसस्टँडजवळच्या दुकानाला हे जमेल. आमच्याकडं गिऱ्हाईक कॉफीचे पैसे देतंच, वर नेटचे मागितले तर ते समोरच्या चहावाल्याकडं जाईल.

दिवस आणि वार

पाचही दुकानं एका दिवशी कधीच नाही. सगळ्यात कमी गर्दीचं दुकान आधी करा, दोन आठवडे बघा, मग पुढचं. लातूरला मेचा दुसरा पंधरवडा उत्तम: 'नीट'ची परीक्षा झालेली असते, पोरं गावी गेलेली असतात आणि जूनच्या नव्या बॅचा यायच्या असतात. संभाजीनगरला गणपती ते दिवाळी हात लावू नका. वार मंगळवार किंवा बुधवार, वेळ सकाळी. शनिवार संध्याकाळी काय होतं ते वर सांगितलंच आहे.

नवी लाइन बसल्यावर जुनी किमान पंधरा दिवस चालू ठेवा. दोन बिलं भरावी लागतात, पण एका बुडालेल्या रविवारपेक्षा ते स्वस्त पडतं. नवी लाइन राउटरच्या दुसऱ्या भोकात लावा आणि आधी फक्त गिऱ्हाइकांचं नेटवर्क तिच्यावर सोडा. बिलिंग जुन्यावरच. तीन-चार दिवस, त्यात एक शनिवार-रविवार, नीट गेले की बिलिंग हलवा. हलवल्यावर त्याच जागी उभं राहून एक खरी ऑर्डर मारा: बिल, केओटी, कार्ड, टॅबवरची ऑर्डर, डीव्हीआर. मग जुनी वायर हातानं उपटून बघा. नंतर जुनी परत लावून नवी उपटा. मेन स्विच बंद करून इन्व्हर्टरवरही बघा. कंपनीचा डबा आणि आपला राउटर दोन्ही इन्व्हर्टरच्या प्लगवर आहेत ना? आमच्या नांदेडच्या दुकानात डबा टीव्हीच्या प्लगवर होता.

या सगळ्यात कधी नेट गेलंच तर गिऱ्हाइकांचं वायफाय बंद करून टाका. अर्धमेलं वायफाय सगळ्यात वाईट. फोन त्याला चिकटून राहतो, काउंटरवर यूपीआय गोल-गोल फिरतं आणि मागं रांग लागते. वायफाय दिसलंच नाही तर फोन मुकाट्यानं स्वतःच्या डेटावर जातो. हे बटण कुठं आहे ते प्रत्येक शिफ्टच्या एका पोराला शिकवून ठेवलंय.

पहिला महिना वहीत लिहा: कधी गेलं, कधी आलं, तक्रारीचा नंबर काय. कंपनी ऐकत नसेल तर तो नंबर घेऊन तिच्याच अपील अधिकाऱ्याकडं जाता येतं. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक, एकेका गिऱ्हाइकाची तक्रार सोडवत नाही, तिथं वेळ घालवू नका.

आता जुनी लाइन बंद करा, आणि ती लेखी. फोनवर 'बंद करतो' म्हणाले तरी बिल येत राहतं, हे आम्ही एका दुकानात चार महिने अनुभवलंय. ईमेल करा, उत्तरात आलेली तारीख जपा. डबा, ॲडॉप्टर, रिमोट असेल तर रिमोट, सगळ्याचे फोटो काढा, मागचा सिरियल नंबर दिसेल असे. लाइनमन घ्यायला आला की कागदावर सही घेऊन मगच हातात द्या. डिपॉझिट खात्यात येईपर्यंत तो कागद बिलांच्या फाइलमध्ये ठेवा, काउंटरच्या ड्रॉवरमध्ये नको. तिथं चिल्लर आणि सुटी चॉकलेटं असतात, कागद टिकत नाही.